कर कोणी भरायचा? बाबासाहेबांचा हिशेब

१४ एप्रिल आणि ६ डिसेंबर हे दोन दिवस आपल्या कॉलेजात कधी चुकत नाहीत. फोटोला हार घातला जातो, दोन-चार भाषणं होतात. महाडचा सत्याग्रह, काळाराम मंदिर, राज्यघटना, नागपूरची दीक्षाभूमी हे सगळं त्या भाषणांत येतं, आणि यायलाच पाहिजे. पण या सगळ्यात एक बाबासाहेब दरवर्षी राहून जातात. ते म्हणजे जमाखर्चाची वही उघडून सरकारला जाब विचारणारे बाबासाहेब. पैसा कोणाकडून घेता, किती घेता आणि कोणावर खर्च करता, हे तीन प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडले नाहीत.

हा विषय आजच काढायचं कारण आहे. होस्टेलवर रात्रीच्या गप्पांत एक वाद हमखास निघतो. कुणाला स्कॉलरशिप मिळते, कुणाची फी माफ होते, आणि मग कुणीतरी म्हणतं की टॅक्स आम्ही भरायचा आणि शिकायचं यांनी. समोरचा पोरगा गप्प बसतो, कारण त्याच्या बापाने आयकर भरलेला नसतो. मित्रहो, या वादाचं उत्तर बाबासाहेबांनी १९२७ सालीच देऊन ठेवलं आहे, तेही आकड्यांसकट. ते उत्तर नीट समजायचं तर त्यांचं आयुष्य जरा वेगळ्या बाजूने वाचायला हवं.

सुभेदाराचा मुलगा न्यूयॉर्कला

भीमराव रामजी आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ ला महू इथे झाला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार. शाळेत वेगळं बसावं लागलं, पाणी वरून ओतून घ्यावं लागलं, हे आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी.ए. झाले. फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील वारले, आणि त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. महिन्याला साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची असा करार.

आता हा पैसा आला कुठून? महाराजांनी दिला हे खरं, पण संस्थानच्या तिजोरीत तो पडला होता रयतेच्या साऱ्यातून. म्हणजे बडोद्याच्या शेतकऱ्याने भरलेल्या पैशावर एक मुलगा न्यूयॉर्कला गेला आणि पुढे त्याने देशाची घटना लिहिण्याचं काम केलं. कराचा पैसा नीट खर्च केला तर किती व्याज देतो, याचं यापेक्षा मोठं उदाहरण मला तरी माहीत नाही.

जुलै १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. योगायोग पाहा. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेने आपल्या राज्यघटनेत सोळावी दुरुस्ती केली आणि आयकर लावायचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. ऑक्टोबरमध्ये कायदाही झाला. दर आज ऐकले तर हसू येईल. सुरुवात १ टक्क्याने, आणि पाच लाख डॉलरच्या वर कमावणाऱ्याला सगळं मिळून ७ टक्के. पण तत्त्व मोठं होतं. ज्याचं उत्पन्न जास्त, त्याचा दरही जास्त. या तत्त्वावर अमेरिकेत ज्या विद्वानांनी आयुष्य घालवलं त्यातलं मोठं नाव म्हणजे प्रा. एडविन सेलिग्मन. तेच कोलंबियात बाबासाहेबांचे गुरू झाले.

सेलिग्मन यांचा सगळा भर माणसाच्या ऐपतीवर होता. सरकारने माणसाला काय दिलं याच्या मोबदल्यात कर घ्यायचा, की माणसाला किती झेपतं हे बघून? त्यांचं उत्तर दुसरं होतं. ही गोष्ट विशीतल्या भीमरावांच्या मनात पक्की बसली असणार, कारण पुढे मुंबईच्या विधिमंडळात ते उभे राहिले तेव्हा त्यांच्या बोलण्याचा कणा हाच होता.

पुस्तकातला हिशेब

१९१५ साली त्यांनी एम.ए.साठी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि अर्थव्यवहारावर प्रबंध लिहिला. त्यानंतर पीएच.डी.साठी ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या वित्तव्यवस्थेचा अभ्यास केला. १८३३ ते १९२१ या काळात केंद्र आणि प्रांत यांच्यात पैशांची वाटणी कशी होत गेली, याचा तो इतिहास आहे. १९२५ मध्ये तो लंडनला पुस्तकरूपाने निघाला. प्रस्तावना सेलिग्मन यांची, आणि अर्पण सयाजीराव महाराजांना.

विषय वरवर रुक्ष वाटतो, पण त्यात एक ठाम निष्कर्ष आहे. जमिनीच्या साऱ्याने शेती वर येऊ दिली नाही आणि जकातींनी उद्योग-व्यापाराचं कंबरडं मोडलं. जे सरकार लोकांना उत्तर द्यायला बांधील नाही, ते कर असेच लावणार, कारण ज्याच्याकडून वसुली सोपी त्याच्याकडूनच ते घेतं. आणि वसुली सोपी असते ती गरिबाकडून. त्याची जमीन लपत नाही, त्याच्या पानातलं मीठ चुकत नाही.

मधल्या काळाची धावपळ थोडक्यात सांगतो. १९१६ ला लंडन, १९१७ ला शिष्यवृत्ती संपल्याने परत. कराराप्रमाणे बडोद्याला नोकरी, पण राहायला जागा कोणी देईना, म्हणून ती सोडावी लागली. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी. पैसे साठवून १९२० ला पुन्हा लंडन. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डी.एस्सी., आणि बॅरिस्टरीही. अर्थशास्त्रात एवढ्या पदव्या घेतलेला माणूस त्या काळी देशात शोधूनच काढावा लागला असता.

१९१८ मध्ये त्यांनी लहान शेतजमिनींवर एक लेख लिहिला होता. आपण इंजिनिअरिंगची मंडळी, म्हणून मुद्दाम सांगतो. जमीन लहान आहे हे शेतीचं खरं दुखणं नाही, जमिनीवर भांडवल आणि अवजारं कमी अन् माणसं जास्त हे दुखणं आहे, असं त्यांचं म्हणणं. उपाय काय, तर कारखानदारी वाढवा आणि शेतीवरचा भार कमी करा.

२४ फेब्रुवारी १९२७

मुंबई विधिमंडळावर त्यांची नेमणूक झाली आणि २४ फेब्रुवारी १९२७ ला ते अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले. वय ३५. त्या भाषणात त्यांनी दोन कर शेजारी शेजारी मांडले. एक आयकर, दुसरा जमिनीचा सारा.

आयकर भरणारा कोण? त्या काळी वर्षाला २००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या माणसाला आयकर नव्हता. दोन हजार म्हणजे तेव्हा चांगली मोठी रक्कम. वकील, व्यापारी, वरचे नोकरदार यांचाच हा कर. आणि सारा भरणारा कोण? एक एकर कोरडवाहूवाला शेतकरीसुद्धा. बाबासाहेबांनी फरक दाखवला तो असा. आयकरात उत्पन्न झालं नाही तर कर नाही, साऱ्यात पीक बुडालं तरी मागणी उभीच. आयकरात ठरावीक मर्यादेच्या खालच्या माणसाला सूट, साऱ्यात गरिबाला सूट नाही. आयकरात कमाई वाढेल तसा दर चढतो, साऱ्यात एक एकरवाला आणि मोठा जहागीरदार-इनामदार एकाच दराने मोजले जातात. म्हणजे शहरातल्या पैसेवाल्याला जो न्याय, तो खेड्यातल्या कुणब्याला नाही.

हे आपल्या भाषेत मांडू. समजा सगळ्यांना सरसकट १० टक्के कर आहे. वर्षाला एक लाख कमावणाऱ्याचे १० हजार गेले, एक कोटी कमावणाऱ्याचे १० लाख गेले. कागदावर दोघांवर सारखाच भार, ग्राफ काढला तर सरळ रेषा. पण पहिल्याच्या घरातून दोन-तीन महिन्यांचं धान्य गेलं आणि दुसऱ्याच्या घरातून फार तर नवी गाडी एक वर्ष पुढे गेली. दर सारखा असला म्हणून ओझं सारखं होत नाही. बाबासाहेबांना हवा होता तो वर जाताना वळणारा ग्राफ, म्हणजे चढत्या दराचा कर.

पुढच्याच महिन्यात, १२ मार्चला, ते शिक्षणाच्या खर्चावर बोलले. तिथे त्यांनी जे आकडे मांडले ते होस्टेलच्या भिंतीवर लिहून ठेवण्यासारखे आहेत. मुंबई प्रांतात सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करत होतं, आणि दारू वगैरेंच्या अबकारीतून माणशी दोन रुपयांहून जास्त गोळा करत होतं. म्हणजे गिरणीत राबणाऱ्याच्या, शेतात खपणाऱ्याच्या खिशातून दोन रुपये काढायचे आणि त्याच्या पोराच्या शाळेवर एक रुपयाही पूर्ण लावायचा नाही. त्यांचं मागणं साधं होतं. जेवढं घेता तेवढं तरी शिक्षणात परत द्या. फी वाढवून शिक्षणाचा व्यापार करू नका, कारण आत्ता कुठे खालचे वर्ग शाळेच्या पायरीवर आले आहेत.

आता होस्टेलच्या वादाकडे वळा. आयकर न भरणारा म्हणजे कर न भरणारा, हे समीकरणच चूक आहे. १९२७ सालचा अबकारी आणि मीठ घ्या किंवा आजचा जीएसटी घ्या. साबण, तेल, मोबाईलचा रिचार्ज, चपला, बापाच्या मोटारसायकलचं पेट्रोल, या सगळ्यात कर आहे. आमगाव-सालेकशाकडची बिड्या वळणारी बाई दुकानातून साबण घेते तेव्हा ती त्याच दराने कर देते ज्या दराने राईस मिलचा मालक देतो. तिचं पोर स्कॉलरशिपवर शिकतं ते कुणाच्या उपकारावर नाही. तिने आधी दिलेलं आहे.

चवदार तळं आणि सार्वजनिक पैसा

शिक्षणावरच्या या भाषणानंतर आठच दिवसांनी, २० मार्च १९२७ ला, ते महाडच्या चवदार तळ्यावर उतरले. या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या धड्यांत शिकतो. पण त्या जोडून बघा. सत्याग्रहाचा कायदेशीर आधार होता तो रावबहादूर सी. के. बोले यांनी ऑगस्ट १९२३ मध्ये विधिमंडळात मंजूर करून घेतलेला ठराव. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुली असावीत, असा त्याचा आशय. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचं ठरवलंही, पण ते कागदावरच राहिलं. म्हणजे माणुसकीच्या हक्काबरोबर तिजोरीचाही हक्क इथे होता. सगळ्यांच्या पैशातलं असेल ते सगळ्यांचं. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयानेही निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला.

महार वतनाचं प्रकरणही याच माळेतलं. गावकी आणि सरकारी कामं रात्रंदिवस करायची, मोबदला म्हणून जमिनीचा तुकडा, आणि वर त्या तुकड्यावर जुडी नावाचा सारा. १९२८ मध्ये त्यांनी वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं. १९३९ ला हरेगावला आणि १९४१ ला सिन्नरला वतनदारांच्या परिषदा झाल्या त्या या वाढत्या साऱ्याविरुद्धच. एका बाजूला मोठे इनामदार हलक्या साऱ्यावर सुखात, दुसऱ्या बाजूला वेठ करणाऱ्याच्या जमिनीवर वाढीव बोजा. हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

खोत आणि आपले मालगुजार

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १७ सप्टेंबर १९३७ ला कोकणातली खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. खोत म्हणजे सरकार आणि कुळ यांच्यामधला माणूस. कुळाकडून वसूल करायचं, त्यातलं सरकारला ठरलेलं द्यायचं, उरलेलं आपलं. १० जानेवारी १९३८ ला कोकणातले आणि इतर भागांतले हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन आले. विधेयक तेव्हा पास झालं नाही. खोती जायला १९४९ चा कायदा यावा लागला.

आपल्याकडे खोत नव्हते, मालगुजार होते. काम तेच. रयतेकडून घ्यायचं आणि सरकारला वाटा द्यायचा. आपल्या भागात मामा तलाव म्हणतो ना आपण, ते मामा म्हणजे माजी मालगुजारी. तलाव खोदायला कोहळ्यांची अक्कल आणि मजुरांचे हात लागले, नाव मात्र मालगुजारीचं राहिलं. १९५० च्या कायद्याने, म्हणजे प्रत्यक्षात ३१ मार्च १९५१ पासून, इथली मालगुजारी संपली. तेव्हा आपला भाग मध्य प्रदेशात होता आणि राजधानी होती नागपूर.

घटनेतला कर

घटना मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी जे केलं त्यात कराच्या बाबी कमी लोक वाचतात. कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर लावता किंवा वसूल करता येणार नाही, असं कलम २६५ सांगतं. कलम २८० ने दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमायची सोय केली, म्हणजे केंद्र आणि राज्य यांच्यात पैशांची वाटणी मर्जीवर राहिली नाही. ज्या विषयावर या माणसाने पीएच.डी. केली, तो प्रश्न देशाच्या घटनेत असा सोडवला गेला. सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकाचं पद त्यांना घटनेतल्या सर्वांत महत्त्वाच्या पदांपैकी वाटत होतं. संपत्ती मोजक्या हातांत गोळा होऊ नये, हे कलम ३९ मध्ये आलं, पण मार्गदर्शक तत्त्व म्हणून. त्यासाठी कोर्टात जाता येत नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी इशाराही दिला. २६ जानेवारीपासून राजकारणात प्रत्येकाला एक मत आणि सारखी किंमत मिळेल, पण समाजात आणि पैशात विषमता तशीच राहील. ही विसंगती फार काळ ठेवली तर ज्यांना ती सोसावी लागते तेच लोकशाहीचा डोलारा पाडतील.

भंडाऱ्याची पोटनिवडणूक

१९५१ मध्ये त्यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. १९५२ ला मुंबईतून लोकसभेला पडले. आणि १९५४ मध्ये भंडारा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले. आजचा गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला. तेव्हा आपण सगळे भंडारा जिल्ह्यातच होतो. दोन जागांचा मतदारसंघ, एक सर्वसाधारण, एक राखीव. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले आणि बाबासाहेब काही हजार मतांनी हरले.

एक आठवण आपल्याकडे जुने लोक सांगतात. प्रत्येक मतदाराला दोन मतं होती. कार्यकर्त्यांचं म्हणणं पडलं की आपल्या माणसांनी एकच मत साहेबांना द्यावं आणि दुसरं वाया घालवावं, म्हणजे साहेब नक्की येतील. बाबासाहेबांनी ते मान्य केलं नाही. मताचा हक्क घटनेत लिहिणाऱ्याने मत फुकट घालवायला कसं सांगायचं? ते हरले, पण तत्त्व सोडलं नाही. आपल्या मातीने त्यांना निवडून दिलं नाही, ही गोष्ट आपण भाषणांत टाळतो. टाळू नये.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा, आणि ६ डिसेंबरला दिल्लीत निधन.

त्यांच्यानंतर

श्रीमंतांवर कर लावायचे प्रयत्न देशात झाले. ते बाबासाहेबांनी आणलेले नव्हते, पण दिशा तीच होती. १९५३ मध्ये चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना मृत्यूनंतरच्या मालमत्तेवर मृत्युकर आला. १९५७ मध्ये संपत्तीकर, १९५८ मध्ये देणगीकर. १९७३-७४ मध्ये तर वरच्या उत्पन्नावर आयकराचा दर अधिभारासकट ९७.७५ टक्क्यांपर्यंत गेला होता. शंभरातले पावणेअठ्ठ्याण्णव सरकारला द्यायचे म्हटल्यावर कोण देणार? लपवाछपवी वाढली, हे नाकारून चालणार नाही. मृत्युकर १९८५ ला गेला, देणगीकर १९९८ ला, संपत्तीकर २०१५ च्या अर्थसंकल्पात. शेवटी शेवटी संपत्तीकरातून वर्षाला जेमतेम हजार कोटी मिळत होते आणि वसुलीचा त्रासच जास्त, हे सरकारचं कारण. त्याच्या जागी एक कोटीच्या वरच्या उत्पन्नावर अधिभार वाढवला. यात तथ्य आहे. नुसता दर वाढवला म्हणजे न्याय होत नाही, तो वसूलही व्हावा लागतो.

पण दुसरी बाजूही बघा. आज बापाकडून मुलाला शंभर कोटी वारशाने आले तर त्या वारशावर कर नाही. पगारदाराला सगळ्यात वरच्या स्लॅबला ३० टक्के लागतात, आणि जुलै २०२४ पासून वर्षभराहून जास्त ठेवलेले शेअर विकून झालेल्या नफ्याला साडेबारा टक्के, तेही सव्वा लाखाच्या पुढे. मोठ्या श्रीमंताचं उत्पन्न पगारातून येत नाही, ते शेअरमधून येतं. तो शेअर विकत नाही तोवर नफाच धरला जात नाही, आणि त्याला विकायची घाई नसते.

शेतीची गोष्ट तर उलटीच झाली. बाबासाहेबांची तक्रार होती की शेतकऱ्याला सूट नाही. आता शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर लागतच नाही. दोन एकर धानवाल्याला याचा उपयोग शून्य, कारण त्याचं उत्पन्न तसंही मर्यादेच्या खालीच असतं. उपयोग होतो तो शेकडो एकरवाल्याला, आणि दुसरीकडचा पैसा शेतीचा म्हणून दाखवणाऱ्याला. १९२७ साली एकरवाला आणि जहागीरदार एका दराने भरडले जात होते, आज दोघे एका दराने सुटतात. शंभर वर्षांत चूक आडवी होती ती उभी झाली, एवढंच. बाबासाहेबांची कसोटी दोन्हीकडे तीच लागू पडते. ज्याची ऐपत आहे त्याने द्यावं, ज्याची नाही त्याला सोडावं, आणि दोघांमधली रेघ सरकारने ओढावी, माणसाच्या धंद्याचं नाव बघून नव्हे तर त्याच्या हातात काय उरतं ते बघून.

आपल्यातले बरेच जण दोन-चार वर्षांत नोकरीला लागतील. पहिल्या पगारातून कर कापला जाईल तेव्हा पोटात कालवाकालव होईल, ते साहजिक आहे. त्या दिवशी शिवी द्यायच्या आधी दोन प्रश्न विचारा. माझ्याहून हजारपट कमावणारा माझ्या दराने तरी भरतो का? आणि माझ्या पैशातले चौदा आणे तरी कुठल्या पोराच्या शाळेत पोचतात का? महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचं लेखन आणि भाषणं खंडांत छापली आहेत. त्यातला दुसरा खंड विधिमंडळातल्या भाषणांचा आहे. येत्या १४ एप्रिलला हार घालून झाला की २४ फेब्रुवारी १९२७ चं भाषण कुणीतरी मोठ्याने वाचावं. फार लांब नाही. मेसची घंटा होईपर्यंत वाचून होतं.